डावे, उजवे

कुराबिला साइडिंगवर आता गाडी थांबत नाही.
रूळ उचलून नेले, स्लीपर ज्याने त्याने कुंपणाला लावले.
शेडांची काँक्रीटची जोती तेवढी उरलीत, एकतीस.
भर दुपारी मेंढ्या त्यांवर येऊन उभ्या राहतात,
छप्पर जाऊन सत्तर वर्षं झाली तरी.

बेचाळीस साली इथे डेपो आला
तो इथे काहीच नव्हतं म्हणून.
किनारा चारशे मैल लांब, विमानं इतकी आत येणार नाहीत
असं कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ठरवलं.
मग येत राहिलं: डबाबंद मटण, टायर, तंबूच्या खुंट्या,
मच्छरदाण्या, जिथे डासालाही पाणी मिळायचं नाही.
एकदा चुकून दोन वॅगन भरून बर्फावरच्या घसरपट्ट्या.
आईने त्याही मोजल्या.

आई म्हणजे तेव्हाची एनिड ट्रेथोवन,
वय एकोणीस, शेड नंबर सातची कारकून.
तिची खतावणी माझ्याकडे आहे.
घामाचे डाग, एका पानावर चिरडलेली माशी,
आणि बेरजा. एकही खोडलेली नाही.

पेट्या उचलायला क्लॅरी डनबर.
इतरांना जे रोज मिळायचं ते त्याला आठवड्याला,
तेही मिशनच्या कुठल्याशा खात्यात,
जे त्याने जन्मात पाहिलं नाही.
बुटांच्या पेट्या वाहायचा, अनवाणी.
आईने एकदा मेजर पॅस्कोला विचारलं.
तो म्हणाला, यादीत नाही तो.
यादीत नाही त्याला
पाय नसतात.

सेहेचाळीसच्या मार्चमध्ये हुकूम आला:
शिल्लक माल विकायचा नाही, वाटायचा तर नाहीच.
भाव पडतील, कारखाने बसतील.
टायर तीन दिवस जळत होते,
वाळत घातलेले कपडे काळे झाले गावभर.
बूट मात्र धड पेटेनात.
तेव्हा पॅस्कोने डोकं लढवलं.
डावे सगळे पाण्याच्या टाकीमागे पुरा,
उजवे रुळांपलीकडे, पाऊण मैलावर.
उकरलेच कुणी, तर घालील काय?

आठवडाभर पोरी बसून जोडे मोडत होत्या,
नाडीची गाठ सोडायची, एक इकडे, एक तिकडे.
आईने लिहिलं:
डावे ४,११२. उजवे ४,११२. नष्ट.
दोन्ही खड्डे क्लॅरीने खणले.
डावे पुरले, उजवे पुरले.
डावलले ते वर राहिले.

दोन हिवाळे गेले.
एका रविवारी मिशनची पोरं प्रार्थनेला आली
ती टाप टाप वाजत.
मोठाल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे,
घोट्याला सुतळी.
हवालदार खाली वाकून बघून आला, दोनदा.
पण नष्ट झालेल्या मालाची चोरी
कुठल्या रकान्यात लिहिणार?
तोही मग प्रार्थनेला बसला.

क्लॅरी स्वतः जरा लंगडायचा.
लोक म्हणत, घोड्याने पाडलं.
आईला ठाऊक होतं. अकरा नंबरची पेटी आली होती
ती एकच. तिच्यातला डावा त्याला सापडला,
उजवा काही लागला नाही हाताला.
डाव्या पायात अकरा, उजव्यात नऊ, बोटं दुमडून.
वीस वर्षं मेंढ्यांमागे असा चालला
आणि तसाच गेला.

मागच्या हिवाळ्यात आई म्हणाली, गाडी काढ.
रुळांची जागा होती तिथे उतरली,
काठीने जमीन ठोकत चालली,
एका झुडपापाशी थांबली.
इथे, म्हणाली. तिसरा थर, पूर्वेकडून चौथी रांग.
काय, मी विचारलं.
अकरा नंबर, उजवे.
खतावणी तिने उघडली नाही. लागलीच नाही.

परत येताना मी काही बोलले नाही.
फाटकापाशी तीच म्हणाली,
त्याने कधी विचारलं नाही.
मी खाली उतरून फाटक उघडलं, गाडी पार केली,
उतरून पुन्हा लावलं.
तोवर तिचं वाक्य बदललं होतं:
मी कधी सांगितलं नाही.